शिंगाला फाटे किती?

नोव्हेंबर सरत आला की अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हरणांच्या बंदुकीच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. समोर नर दिसला तरी लगेच गोळी झाडता येत नाही. आधी त्याच्या शिंगांचे फाटे मोजावे लागतात. राज्याच्या बहुतेक भागांत निदान एका शिंगाला तीन फाटे हवेत, आणि इंचाहून आखूड टोक फाट्यात धरत नाहीत. मोजणी कमी भरली तर नराला जाऊ द्यायचं. हा नियम २००२ सालचा. त्याचं कूळ मात्र शंभर वर्षांमागे जातं, आणि मूळपुरुषाचं काम अगदीच निराळं होतं.

एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी झालेली बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांनी पांढऱ्या शेपटीचं हरीण पूर्व अमेरिकेतून जवळजवळ पुसून टाकलं होतं. १९०० च्या सुमारास साऱ्या देशात ती जेमतेम पाचेक लाख उरली असावीत, असा अंदाज आहे. पेनसिल्व्हेनियाने मिशिगनहून हरणं विकत आणून सोडली आणि १९०७ मध्ये कायदा केला: शिकार फक्त शिंगवाल्या नराची, मादीला हात लावायचा नाही. यामागचं गणित कुणाही पशुपालकाला कळेल. एक नर अनेक माद्यांना पुरतो, तेव्हा नर घटले म्हणून पाडसं घटत नाहीत. मिशिगनने १९२१ मध्ये आणखी बारीक मोजमाप घातलं, शिंग निदान तीन इंच हवं. शिंगाची अट जन्मली ती अशी, माद्या वाचवून कळप वाढवण्यासाठी.

कळप वाढलाही, पण प्रमाणाबाहेर. लांडगे आणि प्यूमा आधीच संपले होते, तोडलेल्या जंगलांच्या जागी कोवळी झुडपं माजली होती, आणि माद्यांना अभय होतं. १९२० च्या दशकात पेनसिल्व्हेनियाची हरणं जंगलातली रोपं खाऊन फस्त करू लागली. १९२३ मध्ये निवडक भागांत मादीच्या शिकारीचे परवाने निघाले. १९२८ मध्ये तर सरकारने पारडंच फिरवलं: त्या हंगामात नर वर्ज्य, शिकार फक्त बिनशिंगी हरणांची. शिकारी खवळले. मादी मारणं हे पाप आहे, असं ज्यांच्या मनावर वीस वर्षं बिंबवलं होतं, त्यांनाच आता माद्या मारायला सांगितलं जात होतं. पुढे १९४० च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये वन्यजीवशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड यांनी हीच गोष्ट सांगितली आणि त्यांनाही असाच रोष पत्करावा लागला.

नियमाचा दुसरा जन्म टेक्सासातला. १९७५ मध्ये अल ब्रदर्स आणि मर्फी रे या जीवशास्त्रज्ञांच्या पुस्तकाने शिकाऱ्यांना एक अडचणीचा प्रश्न विचारला: नर दीड वर्षाचा होऊन पहिली शिंगं मिरवू लागला की लगेच त्याला मारता, मग मोठी शिंगं दिसणार कुठून? आपल्या चितळ-सांबरांप्रमाणे या हरणाचीही शिंगं दर वर्षी गळतात आणि नवी येतात. ती किती भरदार होतील हे वय, चारा आणि आनुवंशिकता यांवर ठरतं, आणि पूर्ण भर यायला नर पाच-सहा वर्षांचा व्हावा लागतो. १९८८ मध्ये जो हॅमिल्टन यांनी साउथ कॅरोलिनात या विचाराची संघटना उभी केली. १९९३ मध्ये जॉर्जियातल्या डूली काउंटीने शिंगांची बाहेरून रुंदी पंधरा इंच हवी, असा नियम केला. म्हणजे आधी मादीला वाचवणारी अट आता तरुण नराला वाचवू लागली.

पण वाचवायचं ते वय, आणि लांबून वय दिसत नाही, दिसतं शिंग. एसटीचा कंडक्टर पोराची उंची बघून अर्ध्या तिकिटाचं ठरवतो, तशातलाच हा प्रकार. ताडमाड पोराबाबत तो हमखास फसतो. त्यामुळे नियमाची सारी भिस्त एकाच गोष्टीवर आहे: निवडलेली खूण त्या मुलखात वयाशी कितपत जुळते?

मिसिसिपीत ती जुळली नाही. १९९५ मध्ये तिथे दोन्ही शिंगांचे मिळून चार फाटे, अशी राज्यभर अट आली. सकस जमिनीवर पोसलेल्या दीड वर्षाच्या नराला सहा-आठ फाटे सहज असतात. मग झालं असं की, उत्तम तरुण नर कायद्याने मारण्याजोगे ठरले आणि खुरटे, बिनफाट्याचे वाचले. ब्रॉन्सन स्ट्रिकलंड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की, या निवडीमुळे पुढच्या वर्षांत मोठ्या वयाच्या नरांची शिंगं उलट लहान भरू लागली. वंश बिघडला होता असं नव्हे. चांगले आधीच टिपले गेले होते, इतकंच. २००९ मध्ये राज्याने फाटे मोजणं सोडून शिंगांची रुंदी आणि लांबी धरली.

टेक्सासाने २००२ मध्ये सहा काउंटींत सुरुवातच रुंदीने केली: शिंगांमधलं अंतर आतून तेरा इंच. सावध उभ्या हरणाच्या कानांच्या टोकांमधलं अंतर साधारण तेवढंच असतं, म्हणजे मोजपट्टी हरणाच्या डोक्यावरच! दीड वर्षाच्या नराची शिंगं क्वचितच एवढी पसरतात, म्हणून ही खूण टिकली आणि नियम पुढे शंभराहून अधिक काउंटींत पसरला.

पेनसिल्व्हेनियात गॅरी ऑल्ट यांनी या अटीचा उपयोग सौद्यासारखा केला. अस्वलांचे अभ्यासक म्हणून नावाजलेले ऑल्ट १९९९ मध्ये राज्याच्या हरीण विभागाचे प्रमुख झाले. जंगल वाचवायचं तर माद्या कमी करणं भाग होतं, आणि शिकारी तयार नव्हते. ऑल्ट गावोगाव सभा घेत फिरले. माद्यांच्या शिकारीला मोकळीक द्या, त्या बदल्यात मोठ्या शिंगांचे नर पाहायला मिळतील, असं त्यांच्या म्हणण्याचं सार होतं. २००२ च्या नियमाआधी मारल्या जाणाऱ्या नरांपैकी सुमारे ८० टक्के दीड वर्षाचे असत. आता निम्म्याहून बरेच जास्त नर अडीच वर्षांचे किंवा त्याहून मोठे असतात. पश्चिम भागात आधी चार फाट्यांची अट होती. पण भुवईजवळचा फाटा लांबून दिसत नाही, म्हणून २०११ पासून तो वगळून वरचे तीन मोजायचे, असं ठरलं.

तेव्हा तरुण नर वाचवण्याचं काम ही अट चोख करते, खूण मुलखाला साजेशी निवडली तर. हरणांची संख्या मात्र तिने आटोक्यात येत नाही. ते काम माद्यांच्या परवान्यांचं. दोन्ही गोष्टी बरोबरच आल्यामुळे एकीच्या श्रेयाचा आणि दोषाचा वाटा दुसरीच्या नावावर जातो. जंगलात हरणं कमी दिसली की पेनसिल्व्हेनियातले काही शिकारी अजूनही फाट्यांच्या नियमाला बोल लावतात.

दरम्यान तिसरंच संकट आलं आहे. १९६७ मध्ये कोलोरॅडोत प्रथम दिसलेला, हरणाला झिजवून मारणारा मेंदूचा रोग आता अनेक राज्यांत पसरला आहे. त्यावर इलाज नाही. प्रौढ नरांत त्याची लागण माद्यांपेक्षा जास्त आढळते, आणि तरुण नर जन्मभूमी सोडून मैलोन्‌मैल जात असल्याने तो दूरवर नेतात. म्हणजे नियम ज्यांना वाचवतो तेच रोगाला हातभार लावणारे. मिझुरीने २००४ मध्ये २९ काउंटींत एका शिंगाला चार फाट्यांची अट आणली होती. रोग सापडला त्या भागांतून ती काढून घेतली. ती निकामी ठरली म्हणून नव्हे, तरुण नर खरोखरच वाचवत होती म्हणून.