नांगराचा कारखाना आणि क्रीडावृत्ति

श्रम आणि क्रीडा यांचें वैर या देशांत फार जुनें नाहीं. जातें ओढणारी स्त्री ओवी रचीत असे. मोट हाकणारा शेतकरी गाणें म्हणत असे. हात कामांत गुंतले असतांही मन मोकळें राही. १८५४ सालीं मुंबईंत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली, आणि पुढें गिरणीच्या भोंग्यानें या दोहोंची फारकत केली. कामगारानें नेमलेली कृति नेमल्या वेळीं करावी, स्वतःची कल्पना चालवूं नये, अशी कारखान्याची रीत पडली. या रीतीहून निराळें एक उदाहरण महाराष्ट्रांतच घडून आलें. तें किर्लोस्करवाडीचें होय.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा. चित्रकार व्हावें या इच्छेनें ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. परंतु कांहीं रंगांमधील भेद त्यांच्या डोळ्यांस ओळखतां येत नाहीं असें आढळून आलें, आणि रंगाच्या पेटीशीं त्यांचा संबंध सुटला. हातांतील रेषा मात्र शाबूत होती. तिच्या बळावर ते यंत्रांचीं रेखाचित्रें काढण्यास शिकले व व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेंत शिक्षक झाले. पुढें बेळगांवीं त्यांनीं भावासह सायकलींचें दुकान चालविलें. सायकल ही त्या काळीं हौसेची वस्तु होती. या हौसेच्या व्यापारांतूनच ते शेतकऱ्याच्या गरजेकडे वळले; प्रथम कडबा कापण्याचें यंत्र आणि मग लोखंडी नांगर त्यांनीं तयार केला. लोखंडानें जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज असल्यामुळें हे नांगर बराच काळ पडून राहिले. जेथें केवळ आजच्या खपाचाच हिशेब पाहिला जातो, तेथें ते पुन्हां भट्टींत गेले असते. लक्ष्मणरावांनीं धीर सोडला नाहीं.

बेळगांवची जागा सोडण्याचा प्रसंग आला तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं त्यांस कुंडल गांवाजवळचा एक ओसाड माळ दिला. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. १९१० सालीं निवडुंगानें भरलेल्या त्या माळावर मूठभर कामगार आपल्या बायकामुलांसह येऊन राहिले. तेथें माणसाची पारख प्रशस्तिपत्रकावरून होत नसे. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर याच कारखान्यांत कर्तबगार यंत्रज्ञ झाले. नव्या कामास हात घालून पाहावा, चुकल्यास मोडून पुन्हां जुळवावें, ही तर लहान मुलाच्या खेळाचीच रीत. तीच रीत या माळावर उद्योगास लागू पडली.

१९२० सालीं याच आवारांतून ‘किर्लोस्कर खबर’ हें मासिक निघूं लागलें. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव. त्यांनीं चित्रकलेचें शिक्षण घेतलें होतें, आणि व्यंगचित्रें काढण्याची त्यांस आवड होती. मासिकाचा आरंभीचा हेतु कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत पोंचविण्याचा होता. पण हळूहळू त्यांत गोष्टी, लेख व चित्रें येऊं लागलीं आणि ‘खबर’ हा शब्द गळून ‘किर्लोस्कर’ एवढेंच नांव उरलें. १९३० मध्यें ‘स्त्री’ आणि १९३४ मध्यें ‘मनोहर’ हीं मासिकें निघालीं. नांगर ओतणाऱ्या कारखान्यानें स्त्रियांच्या प्रश्नांसाठीं मासिक काढावें, हें कोणत्या हिशेबनिसाला सुचलें असतें?

तथापि स्वैरपणा म्हणजे क्रीडा नव्हे. प्रत्येक खेळास नियम असतो, आणि येथील नियम कठोर होता. ओतकामांत हयगय झाली तर नांगर ऐन पेरणीच्या तोंडावर मोडे, व त्याची झळ गरीब कुणब्यास लागे. कल्पनेला मोकळीक असली तरी तिची परीक्षा शेवटीं काळ्या जमिनींतच होई.

आज संगणकाच्या कचेऱ्यांतून कॅरम आणि टेबल टेनिस यांची सोय केलेली आढळते. त्यानें शिणवटा जाईल, यांत शंका नाहीं. परंतु खेळून परत आलेल्या माणसास आपल्या कामांत नवें कांहीं करून पाहण्याची, आणि तें करतांना चुकण्याची, मुभा नसेल तर तो खेळ दाराबाहेरच राहिला असें समजावें. लक्ष्मणराव १९५६ सालीं वारले. एका शाळेंत त्यांचे डोळे उणे ठरले होते. त्याच माणसाच्या कारखान्यांत दुसऱ्या शाळेनें अर्ध्यावर सोडलेल्या माणसाला पुन्हां हात चालवून पाहतां आला. किर्लोस्करवाडीची खरी कमाई मोजावयाची तर ती येथूनच मोजली पाहिजे.