दाराचे तेलपाणी

जबलपुराहून भोपाळच्या रस्त्याने पश्चिमेस निघावे, भेडाघाटचा फाटा मागे टाकावा, आणि हिवाळ्याचे दिवस असतील तर हिरव्या वाटाण्याच्या पोत्यांनी लादलेल्या ट्रॅक्टरांमागून सावकाश सरकत शहपुरा गाठावे, असा माझ्या मामांच्या घरचा मार्ग आहे. निवृत्तीनंतर मामांनी येथे घर बांधले आणि त्याच्या पुढल्या अंगास मोटारीसाठी एक खोली काढून तिला लोखंडी पट्ट्यांचे गुंडाळते शटर बसविले. हे शटर उन्हाळाभर सुतासारखे सरळ वागते. श्रावण लागला की कमरेइतके वर येते आणि तेथेच हट्टाने अडून बसते. मामांनी प्रथम तेल घातले, मग ग्रीस थापले, मग ज्याने ते बसविले त्याचा उद्धार केला. अखेर एक वृद्ध मिस्त्री आला, त्याने शटराकडे पाहिलेसुद्धा नाही, पिशवीतून ओळंबा काढून दोन्ही बाजूंच्या भिंतींना लावला आणि म्हणाला, ‘बाबूजी, शटर ठीक है, ज़मीन सरकी है.’

निदान अचूक होते. नर्मदेच्या खोऱ्यातील काळी माती पावसाचे पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात वाळून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पायाने उभ्या राहिलेल्या भिंती वर्षातून दोनदा किंचित कलतात, आणि ज्या दोन खोबणींतून शटर धावायचे त्या एकमेकींना समांतर राहत नाहीत. लाकडी चौकट असती तर ती वाकली असती, कुरकुरली असती, पण निभावून गेली असती. लोखंडाला ती मुरड माहीत नाही.

हा मुलूख मराठी माणसाला परका नव्हे. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य बुडविले, १७९८ त पेशव्यांनी हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या हवाली केला, आणि १८१७ च्या डिसेंबरात जबलपुरापाशी झालेल्या लढाईने तो इंग्रजांकडे गेला. पुढे १९५६ पर्यंत मध्यप्रांताची राजधानी नागपूरच असल्यामुळे दप्तरे, बदल्या आणि सोयरिकी यांची ये-जा चालूच राहिली. मराठी अंमलाबरोबर वावरलेल्या माणसाच्या मनातले दार म्हणजे वाड्याचे दार, आणि ते दार बिजागरीवर फिरत नसे. फळीच्याच अंगातून वर आणि खाली गोल खुंट काढलेले असत; वरचा गणेशपट्टीच्या मागच्या भोकात आणि खालचा उंबऱ्याशेजारच्या दगडी खळग्यात सैलसर बसे, आणि त्या सैलपणामुळेच चौकट बोटभर कलली तरी दार अडून न बसता थोडे अधिक करकरे, एवढेच.

वाहन ठेवण्याची जागाही आपल्याकडे नवी नाही. पेशवाईच्या अठरा कारखान्यांत पीलखाना, उष्ट्रखाना यांच्या पंगतीत रथखानाही होता, आणि ज्याच्या पदरी घोडा वा पालखी असे त्या सरदाराचे महाद्वार वाहनाच्या मापानेच उंच होई. पण ते महाद्वार दिवसातून शंभर वेळा उघडायचे नसे. १७३० ते १७३२ या काळात पुण्यास उभारलेल्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहावा: हत्तीने धडक देऊ नये म्हणून अणकुचीदार खिळ्यांनी मढविलेली प्रचंड फळी, आणि तिच्या पोटात माणसाने वाकून जावे एवढी दिंडी. आपण तिची गणना शत्रूपासून संरक्षणाच्या युक्तींत करतो आणि ते खरेही आहे. पण मला त्या दिंडीत एका हिशेबी कारभाऱ्याची बुद्धी अधिक दिसते, कारण मोठ्या दाराची झीज मोठ्या कामापुरतीच राखण्याचा तो उपाय होता. मामांच्या शटराला दिंडी नाही; सायकल काढायची असो की केरसुणी, सारा लोखंडी पसारा वर ढकलावा लागतो.

डागडुजी कोणी करायची, याचाही शिरस्ता ठरलेला होता. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ त प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’त बलुतेदारीचे जे चित्र आहे त्यात सुतार आणि लोहार गावाचे हक्कदार म्हणून येतात: नांगर, वखर, पाभर यांच्या दुरुस्तीबद्दल खळ्यावर धान्य, आणि नव्या घरकामाची मजुरी निराळी. दाराचा खुंट झिजला तर सुताराला फार लांबून बोलवावे लागत नसे. तो गावातच असे. आणि वंगण तर घरातच. बैलगाडीच्या आसासाठी तेलात काजळी किंवा राख कालवून जे काळे मिश्रण नळकांड्यात भरून गाडीला टांगलेले असे, त्याचेच बोट दाराच्या खळग्यात फिरे. आजोबांच्या वाड्यातील उंबऱ्याजवळचा तो खळगा मी लहानपणी पाहिला आहे. तेलाने इतका चकचकीत झालेला की दगडात शिसवीची वाटी बसविली आहे असे वाटावे.

पुढे काळ बदलला. १८७० च्या मार्चमध्ये मुंबईहून येणारी लोहमार्गाची रेषा जबलपुरास अलाहाबादेकडून आलेल्या रेषेला मिळाली, आणि शहपुऱ्याजवळचे भिटोनी मुंबई-कलकत्त्याच्या हमरस्त्यावर आले. मग १९०४ साली जबलपुरास तोफगाड्यांचा कारखाना निघाला आणि लाकूड व लोखंड यांची सांधेजोड जाणणाऱ्या हातांना सरकारी हजेरीपट मिळाला. तिकडे अमेरिकेत सी. जी. जॉन्सन या गृहस्थांनी १९२१ साली वरच्या बाजूस उचलले जाणारे मोटारघराचे दार काढले आणि १९२६ साली त्याला विजेचे यंत्र जोडले; त्यानंतर दार म्हणजे बाजूला ढकलायची वस्तू ही समजूत मोडली. दाराचे वजन पूर्वी उंबरा पेलत असे, ते आता स्प्रिंग पेलू लागली.

शटराचे मर्म त्याच्या माथ्यावरच्या नळीत गुंडाळलेल्या या स्प्रिंगांत आहे. शटर खाली ओढताना त्यांना पीळ बसतो आणि वर नेताना तोच पीळ मनगटाच्या मदतीस येतो. म्हणूनच मिस्त्रीने मामांना ताकीद दिली की त्यांना हौसेने हात लावू नये. ताणलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडते. मामांनी खोबणींत थापलेले ग्रीस त्याने घासलेटाच्या फडक्याने पुसून काढले, कारण त्यात धूळ बसून त्याचा लगदा झाला होता, आणि तेथे पातळ तेलाचे चार थेंब पुरेत असे बजावले. ग्रीस नळीच्या टोकांच्या बेअरिंगांना. मग डावी खोबण भिंतीपासून सोडवून, मागे पत्र्याची पाचर देऊन, ती ओळंब्यात आणली. अखेरीस शटर छातीइतके उचलून त्याने दोन्ही हात काढून घेतले. ते खालीही आले नाही, वरही गेले नाही.

‘चैत में फिर देखना पड़ेगा,’ तो पिशवी आवरत म्हणाला. मामांनी खडू आणून खोबणीशेजारच्या भेगेच्या टोकाशी रेघ ओढली आणि तिच्याखाली तारीख लिहिली. तिच्या वर मागल्या वर्षांच्या चार रेघा पूर्वीच ओढलेल्या होत्या.