दोन राज्यक्रांत्या आणि वगळलेली माणसे



आपल्या शिवारातल्या कापसाचा आणि अमेरिकेच्या राज्यघटनेचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. त्या यादवीच्या मुळाशी गुलामगिरी होती. माणसे समान आहेत असे १७७६ मध्ये जगाला बजावणाऱ्या देशात तोवर माणसांचा लिलाव चालू होता!

अमेरिकेची क्रांती इंग्रजांचे राज्य झुगारण्यासाठी झाली. तिने सत्तेला लगाम घातला. १७८७ ची तिची घटना दुरुस्त्यांसह आजही चालू आहे. पण गुलामगिरी बंद व्हायला १८६५ साल उजाडले. फ्रान्सची क्रांती घरच्याच सरंजामशाहीवर उठली. १७८९ मध्ये तिने जन्माने मिळणारे मान मोडले. मात्र तिची घडी बसेना. सम्राट झाले, राजे परतले. आजचे पाचवे प्रजासत्ताक १९५८ चे आहे.

आणि मजुरांचे काय? याच क्रांतीने १४ जून १७९१ रोजी कायदा करून त्यांना एकजूट करण्याची बंदी केली. नागरिक आणि राष्ट्र यांच्यामध्ये कोणी नको, हे कारण. मालक एकटा असला तरी बळकट असतो. एकटा मजूर मात्र उघडा पडतो. तिथे युनियनला कायद्याची मोकळीक मिळाली ती १८८४ मध्ये.

दोन्ही क्रांत्यांत वावरलेल्या टॉमस पेनचे मानवी हक्कांवरील पुस्तक जोतीराव फुल्यांनी तरुणपणी वाचले. पण १८७३ साली ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. वगळलेल्यांच्या बाजूने इतिहास वाचणे ते हेच. त्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली.

आपल्या घटनेत लेखी मूलभूत हक्क आहेत. स्वातंत्र्य, समता, बंधुता आहेत. ही त्रयी आपण फ्रान्सकडून नव्हे, बुद्धाकडून घेतली, असे बाबासाहेबांनी १९५४ मध्ये सांगितले. शिवाय १७९१ मध्ये फ्रान्सने नाकारलेला संघटनेचा हक्क आपल्या एकोणिसाव्या कलमात आहे.

तरीही जिनिंगमधल्या हंगामी मजुराचा हात युनियनची पावती घेताना कापतो, हे मी पाहिले आहे. उद्या कामावर घेतील ना, हा त्याचा प्रश्न असतो. ही भीती जाईपर्यंत आपली क्रांती पुरी झाली असे मी तरी म्हणणार नाही.