शर्यतीच्या घोड्याचा अस्थिभंग आणि शल्यचिकित्सा

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर १८८३ पासून घोड्यांच्या शर्यती भरत आहेत. हिवाळ्यात मुंबई आणि पावसाळ्यात पुणे, असा रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या शर्यतींचा परिपाठ आहे. या शर्यती पाहणाऱ्यांमध्ये आणि न पाहणाऱ्यांमध्येही एक समजूत दृढ आहे, ती म्हणजे पाय मोडलेल्या घोड्याला मारून टाकण्यावाचून गत्यंतर नसते. एके काळी ती बव्हंशी खरी होती; आज ती अर्धीच खरी आहे. कोणते हाड, कोठे आणि कसे मोडले यावर घोड्याचे भवितव्य अवलंबून असते.

शर्यतीच्या थरोब्रेड घोड्याचे वजन साधारणपणे साडेचारशे ते पाचशे किलो असते. भरधाव दौडीत एक क्षण असा येतो की, पुढच्या एकाच पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार पडतो. घोड्याच्या पुढच्या पायाचा जो 'गुडघा' आपण म्हणतो, तो शरीररचनेच्या दृष्टीने आपल्या मनगटाशी जुळणारा सांधा होय. त्याखाली नळीचे हाड, मग फेटलॉक नावाचा सांधा आणि शेवटी खूर. या संपूर्ण भागात स्नायू जवळजवळ नसतातच. हाड, स्नायुबंध आणि त्यांवर ताणलेली कातडी एवढेच असते. त्यामुळे मोडलेल्या हाडाची धार सहज कातडीबाहेर येते, रक्तवाहिन्या तुटतात आणि जखमेत जंतुसंसर्ग होतो. त्यातच भेदरलेला घोडा मोडक्या पायावरच धावत राहतो. म्हणून मैदानावरचे पहिले काही क्षण फार मोलाचे असतात. घोड्याला शांत करणारे औषध देऊन पाय खपाटीने घट्ट बांधला नाही, तर वाचू शकणारा पायही वाया जातो.

सर्व अस्थिभंग सारख्या गांभीर्याचे नसतात. गुडघ्याच्या किंवा फेटलॉकच्या सांध्यात हाडाचा लहानसा टवका उडणे हा त्यांतील सौम्य प्रकार. दुर्बिणीच्या साहाय्याने छोट्या छिद्रातून तो टवका काढून टाकता येतो आणि असे अनेक घोडे काही महिन्यांत पुन्हा शर्यतीत उतरतात. दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे नळीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, सांध्यापासून वर जाणारी चीर. हाडाचे तुकडे जागेवरून सरकले नसतील तर आडवे स्क्रू बसवून दोन्ही भाग एकमेकांवर आवळले जातात. माणसांच्या अस्थिशल्यचिकित्सेसाठी स्वित्झर्लंडमध्ये १९५८ साली स्थापन झालेल्या 'एओ' या गटाने विकसित केलेले हे तंत्र पुढे पशुवैद्यकानेही आत्मसात केले. हाडाचा चुरा झाला असेल, तर धातूची पट्टी व अनेक स्क्रू वापरून सांधा कायमचा जखडून टाकतात. असा घोडा पुन्हा धावत नाही. मात्र पैदाशीसाठी जगू शकतो. पूर्ण वाढ झालेल्या घोड्याची मांडी मोडल्यास मात्र आजही उपाय फारसा उरत नाही.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी धोका टळत नाही. भूल उतरताना घोडा उपजत भीतीने एकदम उठू पाहतो. ६ जुलै १९७५ रोजी न्यू यॉर्कच्या बेलमाँट पार्क येथे 'रफियन' या नामवंत घोडीचा पाय मोडला. शस्त्रक्रिया झाली, परंतु शुद्धीवर येताना तिने अशी धडपड केली की, पाय पुन्हा जायबंदी झाला आणि तिला दयामरण द्यावे लागले. यावर उपाय म्हणून काही रुग्णालयांत घोड्याला तराफ्यात अडकवून पाण्याच्या हौदात शुद्धीवर आणतात. काही अस्थिभंगांत तर घोडा उभा असतानाच, गुंगीचे औषध आणि स्थानिक भूल देऊन स्क्रू बसवले जातात.

पुढचा शत्रू खुरात दडलेला असतो. माणसाप्रमाणे घोड्याला आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवता येत नाही. दीर्घकाळ आडवे पडल्यास त्याच्या स्नायूंना आणि फुप्फुसांना इजा पोहोचते. उभा राहिला की मोडक्या पायाचा भार सोबतच्या धडधाकट पायावर येतो आणि त्या पायाच्या खुरातील हाडाला कवचाशी जोडणाऱ्या नाजूक थरांचा रक्तपुरवठा बिघडतो. या विकाराला लॅमिनायटिस म्हणतात. २००६ ची केंटकी डर्बी जिंकणाऱ्या 'बार्बारो'चा मागचा उजवा पाय दोनच आठवड्यांनी प्रीकनेस शर्यतीत मोडला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. डीन रिचर्डसन यांनी धातूची पट्टी आणि २७ स्क्रू बसवून तो जोडला. मोडलेला पाय बराच सावरला. पण डाव्या पायाला, आणि नंतर पुढच्या पायांनाही, लॅमिनायटिसने ग्रासले. २९ जानेवारी २००७ रोजी त्याला दयामरण दिले गेले. याउलट १९७१ ची इंग्लिश डर्बी जिंकणाऱ्या 'मिल रीफ'चा पुढचा पाय १९७२ मध्ये सरावात मोडला, तेव्हा पट्टी आणि स्क्रूच्या आधाराने तो वाचला व त्याच्या संततीने पुढे डर्बी जिंकली. 'मिल रीफ'च्या शांत, सोशिक स्वभावाचा या यशात मोठा वाटा होता, असे मानले जाते.

भारतात हा विषय सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला तो २०१६ मध्ये. देहरादून येथे एका मोर्चाच्या वेळी उत्तराखंड पोलिसांच्या 'शक्तिमान' या घोड्याचा मागचा पाय मोडला. पाय कापावा लागला, कृत्रिम पायही बसवण्यात आला. तरीही २० एप्रिलला तो दगावला. तो शर्यतीचा घोडा नव्हता, पण तीन पायांवर घोड्याने जगणे किती अवघड असते, हे त्या महिनाभरात सर्वांना कळले.

म्हणूनच उपचार की दयामरण, हा निर्णय केवळ मालकाच्या ऐपतीचा किंवा घोड्याच्या किमतीचा नसतो. जखम उघडी आहे काय, खुरापर्यंत रक्त पोहोचते आहे काय, किती हाडे आणि स्नायुबंध तुटले आहेत, घोड्याचे वय, वजन व स्वभाव कसा आहे, आणि पुढील कित्येक महिने त्याला वेदनेशिवाय ठेवता येईल काय, हे प्रश्न पशुवैद्याला आधी सोडवावे लागतात. वेदना आटोक्यात येणार नसतील, तर दयामरण हाही वैद्यकीय निर्णयच ठरतो.

गेल्या काही दशकांतील संशोधनातून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली आहे. शर्यतीत अवचित मोडलेले वाटणारे हाड पुष्कळदा आधीच सूक्ष्म तडे जाऊन थकलेले असते. अशा तड्यांचा मागोवा घेण्यासाठी कॅलिफोर्नियातील सँटा अनिता रेसकोर्सवर २०१९ च्या अखेरीस घोडा उभा असतानाच पायाची तपासणी करणारे पेट स्कॅन यंत्र बसवण्यात आले. असे यंत्र सर्वत्र नसते. तथापि, सकाळच्या सरावानंतर पायावरून हात फिरवणाऱ्या मोतद्दाराला जाणवलेली किंचित ऊब, किंवा चालीतला बारीकसा लंगडेपणा, हीसुद्धा तितकीच महत्त्वाची सूचना असते. ती वेळीच ध्यानात घेऊन घोड्याला काही आठवडे विश्रांती दिली, तर पुष्कळदा शस्त्रक्रियेची वेळच येत नाही.