जाहीर सूचना : प्लेगपासून कोविडपर्यंत पुणेकरांना काय सांगितलं गेलं?

मे २०२० मधली गोष्ट. माझ्या कात्रजच्या दवाखान्यात एक ओळखीचे रुग्ण आले. वय पन्नाशीच्या आसपास, रक्तदाबाची गोळी चालू. "डॉक्टर, कालपासून जरा कणकण आहे, बाकी काही नाही," म्हणाले. बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर आकडा ८८. खोदून विचारल्यावर कळलं की ताप सहा दिवसांपासून होता. मग आधी का नाही आलात? ते खाली बघत म्हणाले, "गल्लीला पत्रे ठोकतील हो. शेजाऱ्यांची दुकानं बंद होतील. सगळे माझंच नाव घेतील."

या गृहस्थांना माहिती कमी होती असं नाही. महापालिकेचे रोजचे आकडे त्यांना तोंडपाठ होते. शहरात आज किती नवीन रुग्ण, किती बरे झाले, किती गेले, हे त्यांनीच मला सांगितलं असतं. आपण ताप आल्याचं सांगितलं तर पुढे नेमकं काय होईल, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. त्या एका न कळलेल्या गोष्टीने सहा दिवस खाल्ले. ते बारा दिवसांनी बरे होऊन घरी आले. घरातल्या त्यांच्या आई मात्र वाचल्या नाहीत.

साथीच्या काळात सरकारने लोकांना काय सांगायचं आणि कसं सांगायचं, हा प्रश्न पुण्याला नवीन नाही. या शहराने त्याची फार मोठी किंमत मोजलेली आहे. आज तो इतिहास थोडक्यात सांगतो. तुमच्या तब्येतीशी त्याचा थेट संबंध आहे.

१८९७ : आधी शिपाई, मग सूचना

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेग आला आणि काही महिन्यांत पुण्यात पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. तेव्हा हा कायदा अगदी छोटा, फक्त चार कलमांचा होता. साथ पसरण्याचा धोका असेल तर सरकारने 'जाहीर सूचना' काढून तात्पुरते नियम लावावेत, असं त्यात म्हटलं आहे. नियम मोडणाऱ्याला शिक्षा आहे, अधिकाऱ्यांना संरक्षण आहे. तो नियम कशासाठी, हे लोकांना समजावून सांगण्याचं बंधन मात्र त्यात कुठेच नाही.

पुण्यासाठी प्लेग समिती नेमली गेली. अध्यक्ष होते वॉल्टर चार्ल्स रँड. मार्चच्या मध्यापासून लष्करी तुकड्या पेठांमधून घरोघर तपासणी करू लागल्या. संशयित रुग्णाला प्लेगच्या रुग्णालयात, घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेलं जाई. सामान जाळलं जाई. देवघर, स्वयंपाकघर, बायकांच्या खोल्या, कुठेही गोरे शिपाई शिरत. लोकांच्या मनात जो संताप साचला तो आजाराबद्दल नव्हता, वागणुकीबद्दल होता. टिळकांच्या 'केसरी'ने त्यावर सडकून टीका केली. त्याच वेळी टिळक स्वतः शहरात थांबले आणि हिंदूंसाठी प्लेगचं रुग्णालय उभं करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. पुढचा इतिहास तुम्हाला माहीत आहे.

वैद्यकीय बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. पण तो उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे माणसापर्यंत येतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिलं ते १८९८ मध्ये. म्हणजे १८९७ मध्ये रँडला आणि त्याच्या डॉक्टरांना आजार नेमका कसा पसरतो हेच माहीत नव्हतं. गाठीच्या प्लेगचा रुग्ण उचलून नेला, तरी उंदीर आणि पिसवा घरातच राहत होत्या. सक्ती पूर्ण होती, ज्ञान अर्धवट होतं, आणि ते अर्धवट आहे हे कुणी लोकांना सांगितलं नाही.

परिणाम काय झाला? लोक रुग्ण लपवू लागले. मुंबईत तर त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. रुग्णालय म्हणजे जिथून माणूस परत येत नाही ती जागा, अशी समजूत झाली होती. लपवलेला रुग्ण उपचाराविना राहतो आणि साथ कुठे आहे हेही कळत नाही. त्या गृहस्थांनी गल्लीला पत्रे लागतील म्हणून ताप लपवला, तेव्हा मला १८९७ आठवलं ते यासाठी.

त्याच मार्च महिन्यात पुण्यात दुसरंही काही घडत होतं. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी शहराबाहेर हडपसरच्या बाजूला प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला होता. सावित्रीबाई आजारी माणसांपर्यंत स्वतः जात आणि त्यांना दवाखान्यात आणत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणलं. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रुग्णाला घरातून दवाखान्यात नेणं, हे काम दोन्हीकडे तेच होतं. एकीकडे लोक दार लावून घेत होते, दुसरीकडे दार उघडत होते.

२००९ : स्वाइन फ्लूची रांग

दुसरा अनुभव आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या आठवणीतला. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. एक शाळकरी मुलगी गेली आणि शहर हादरलं. १८९७ चाच कायदा वापरून पालिकेच्या रुग्णालयांत तपासणी केंद्रं उघडली गेली. शाळा-महाविद्यालयं बंद झाली. नायडू रुग्णालयाबाहेरच्या लांबच लांब रांगा आणि तोंडाला बांधलेले रुमाल तुम्हाला आठवत असतील.

त्या वेळी लोकांनी आजार लपवला नाही, उलट साधी सर्दी झालेले लोकही रांगेत जाऊन उभे राहिले. पन्नास खोकणाऱ्या माणसांबरोबर तासन्‌तास उभं राहणं हाच संसर्गाचा उत्तम मार्ग होता! पुढे रुग्णांची वर्गवारी सुरू झाली. सौम्य ताप-सर्दी असेल तर घरीच थांबा. धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, गुंगी येत असेल तर लगेच रुग्णालयात या. गरोदर स्त्रिया, लहान मुलं, मधुमेही यांनी थांबू नका. 'कुणी यायचं' याइतकंच 'कुणी यायचं नाही' हे सांगणंही गरजेचं असतं, हा धडा पुणेकर डॉक्टरांना तेव्हा मिळाला.

२०२० : रोज संध्याकाळचा आकडा

९ मार्च २०२० रोजी दुबईहून परतलेल्या दोन पुणेकरांचा अहवाल पॉझिटिव्ह आला. राज्यातले हे पहिले कोविड रुग्ण. त्यांना नायडू रुग्णालयातच ठेवलं गेलं. त्याच आठवड्यात राज्याने पुन्हा १८९७ चा कायदा लागू केला. मग आला २२ मार्चचा जनता कर्फ्यू आणि त्यामागून टाळेबंदी.

या वेळी एक गोष्ट प्लेगपेक्षा पूर्ण वेगळी होती. माहितीचा तुटवडा नव्हता. महापालिका रोज संध्याकाळी आकडे जाहीर करत होती : नवीन रुग्ण, बरे झालेले, मृत्यू, गंभीर रुग्ण, तपासण्या. प्रतिबंधित क्षेत्रांच्या याद्या निघत. पुढे कोणत्या रुग्णालयात किती खाटा रिकाम्या आहेत हे दाखवणारा डॅशबोर्डही आला. रँडच्या काळातल्या पुणेकराला हे स्वप्नवत वाटलं असतं.

तरीही अडचणी आल्याच. पहिली अडचण आपल्या कात्रजचीच. महापालिकेची हद्द घाटाच्या पायथ्याला येऊन संपत होती. मांगडेवाडी, भिलारेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी, जांभूळवाडी ही गावं पालिकेत आली ती २३ गावांच्या समावेशाबरोबर, २०२१ च्या मध्यात. म्हणजे पहिली लाट आली तेव्हा ही गावं ग्रामीण भागात मोडत होती. एकाच रस्त्यावर, एकाच दुकानातून दूध घेणाऱ्या दोन घरांना दोन वेगळ्या कार्यालयांचे आदेश लागू. "डॉक्टर, आज भाजीचं दुकान उघडं का? कालचा मेसेज आपल्याला लागू आहे का?" असे फोन मला रोज येत. पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी शहरात जायचं, २०२० मध्ये शहरातले आदेश कात्रजला यायचे, आणि वाटेत कुठे संपायचे ते कळत नव्हतं.

दुसरी अडचण वेळेची. जुलैमधली दहा दिवसांची टाळेबंदी १० जुलैला जाहीर झाली आणि १३ च्या मध्यरात्रीनंतर लागू झाली. मधल्या दिवसांत कात्रज चौकातल्या किराणा दुकानांपुढे मी जी गर्दी पाहिली, ती साथ सुरू झाल्यापासून पाहिली नव्हती.

तिसरी अडचण बदलत्या सल्ल्याची. मार्चमध्ये निरोगी माणसाने मास्क लावण्याची गरज नाही असं सांगितलं जात होतं, एप्रिलमध्ये मास्क सक्तीचा झाला. "तुमचं डॉक्टरांचं एक काही धड नाही," असं मला कितीतरी जणांनी ऐकवलं. खरं तर ज्ञान वाढलं म्हणून सल्ला बदलला होता. लक्षणं नसलेला माणूसही विषाणू पसरवतो हे दरम्यान कळलं होतं. पण "आज आम्हाला एवढं माहीत आहे, उद्या हे बदलू शकतं" हे वाक्य आम्ही पहिल्या दिवशी बोललो नव्हतो. १८९७ ची ही चूक आम्ही थोड्या प्रमाणात पुन्हा केली.

आकडे वाचायचे कसे?

साथी पुन्हा येतील. म्हणून रोजचे आकडे कसे वाचायचे ते लक्षात ठेवा.

१. नवीन रुग्णांचा आकडा एकटा वाचू नका. तपासण्या किती झाल्या ते बघा. १,००० तपासण्यांत १०० रुग्ण म्हणजे १० टक्के. दुसऱ्या दिवशी ३,००० तपासण्यांत २०० रुग्ण म्हणजे साधारण ७ टक्के. आकडा दुप्पट झाला, पण साथ वाढली असं त्यावरून म्हणता येत नाही.

२. आजचा आकडा आजचा नसतो. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला काही दिवस, मग तपासणी, मग अहवाल. मृत्यूंचा आकडा तर दोन-तीन आठवडे मागे चालतो. रुग्ण कमी होत असताना मृत्यू वाढताना दिसले तर गोंधळून जाऊ नका.

३. मोजलेले रुग्ण म्हणजे सगळे रुग्ण नव्हेत. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये पुण्यातल्या पाच प्रभागांत १,६६४ लोकांच्या रक्ताची तपासणी झाली. त्यातल्या ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात कोविडची प्रतिपिंडं सापडली. हे जास्त लागण झालेले प्रभाग होते, त्यामुळे हा आकडा सगळ्या शहराला लावता येत नाही. पण अधिकृत यादीत नसलेले किती जण लागण होऊन गेले होते, हे त्यातून स्पष्ट झालं.

४. ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटरवरचे रुग्ण किती, हे बघा. तपासण्या कमी-जास्त झाल्या तरी हा आकडा फारसा फसवत नाही. रुग्णालयांवर किती ताण आहे ते यातून कळतं.

५. सगळ्यात महत्त्वाचं, शहराचा आकडा तुमच्या शरीराबद्दल काहीच सांगत नाही. कोविडमध्ये धाप न लागताही रक्तातला ऑक्सिजन उतरत असे. अशा वेळी संध्याकाळचा आकडा कमी आला म्हणून निर्धास्त राहणं धोक्याचं असतं. तीन दिवस उतरत नसलेला ताप डॉक्टरांना दाखवायचाच.

आणि माझी चूक

सुरुवातीला सांगितलेले ते गृहस्थ आजारी पडण्याआधी पंधरा दिवस रक्तदाब तपासायला माझ्याकडे येऊन गेले होते. मी त्यांना मास्क लावा, हात धुवा, गर्दीत जाऊ नका, एवढं सांगितलं. म्हणजे जी सूचना भिंतीवर चिकटवलेली होती तीच मी वाचून दाखवली. "ताप आला तर मला फोन करा. तपासणी कुठे होईल, घरी कोण राहील, आईंना कुठे ठेवायचं, ते आपण मिळून ठरवू," ही दोन वाक्यं बोलायला मला एक मिनिट लागलं असतं. ते मिनिट मी दिलं नाही.

त्यानंतर मी प्रत्येक रुग्णाला ते देत आलो आहे. पुढच्या साथीत तुम्हीही तेवढंच मागा. जाहीर सूचना वाचा, आकडे समजून घ्या, आणि मग आपल्या डॉक्टरांना, नगरसेवकांना, आरोग्य केंद्रातल्या ताईंना एकच प्रश्न विचारा : "मी खरं सांगितलं, तर पुढे माझ्या घराचं काय होईल?" याचं सरळ उत्तर मिळालं, तर कुणाला ताप लपवावासा वाटणार नाही.

काळजी घ्या. ताप लपवू नका.