मुद्रांकाचा कर आणि अमेरिकेतील छापखाने

31 ऑक्टोबर 1765 रोजी फिलाडेल्फिया शहरात ‘पेनसिल्व्हेनिया जर्नल’ या साप्ताहिकाचा अंक निघाला, तो थडग्यावरच्या शिळेच्या आकारात. जाड काळ्या चौकटी, कवटी आणि हाडे, आणि आपले पत्र निधन पावत आहे, पुन्हा जिवंत होण्याची आशा मात्र सुटलेली नाही, अशा अर्थाचा मजकूर. विल्यम ब्रॅडफर्ड हा त्याचा मालक. दुसऱ्या दिवशी ब्रिटिश पार्लमेंटचा मुद्रांक कायदा अमेरिकेतील वसाहतींत अमलात यायचा होता.

हा कर आला कोठून? सात वर्षांचे युद्ध 1763 मध्ये संपले तेव्हा इंग्लंडच्या डोक्यावर 12 कोटी पौंडांहून अधिक कर्ज होते. अमेरिकेत ठेवलेल्या फौजेच्या खर्चाचा काही भार तेथील लोकांनी उचलावा, असे मुख्य प्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल याला वाटले. अपेक्षित उत्पन्न वर्षाला सुमारे 60,000 पौंड. इंग्लंडातले लोक असा कर कित्येक वर्षे निमूटपणे भरत होते. मग वसाहतींनी का भरू नये, हा त्याचा सवाल वरवर पाहता गैर नव्हता. आमचा एकही प्रतिनिधी ज्या सभेत नाही तिने आमच्या खिशात हात घालू नये, हे वसाहतींचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. मला आज त्या तत्त्वापेक्षा, ते तत्त्व गावोगाव पोचविणाऱ्या माणसांकडे पाहावयाचे आहे.

कर होता कोर्टाच्या कागदांवर, परवान्यांवर, पंचांगांवर, पत्त्यांवर आणि फाशांवरसुद्धा. वृत्तपत्राच्या अर्ध्या तावाला अर्धा पेनी, पूर्ण तावाला एक पेनी, आणि प्रत्येक जाहिरातीमागे 2 शिलिंग. मुद्रा उठवलेला कागद लंडनहून यायचा. इंग्रजीखेरीज अन्य भाषेत छापाल तर कर दुप्पट. म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन पत्रांचे मरणच. (देशी भाषांतील पत्रांना वेगळे काढणारा आपल्याकडील 1878 चा कायदा श्रोत्यांना येथे आठवल्यास नवल नाही.) वसाहतींत त्या वेळी जेमतेम 20-25 पत्रे होती, आणि बहुतेकांचा मालक, संपादक आणि खिळे जुळवणारा एकच इसम असे. त्याचा संसार जाहिरातींवर आणि पंचांगावर चाले. वकील आणि छापखानदार, म्हणजे जिभेवर आणि लेखणीवर जगणारे दोन वर्ग, ग्रेनव्हिलने एकाच फटक्यात दुखावले. कर बसवताना निदान दवंडी पिटणाऱ्याच्या पोटावर पाय देऊ नये, एवढे व्यवहारज्ञान त्याला नव्हते. दक्षिण कॅरोलिनाचा इतिहासकार डेव्हिड रॅम्से याने 1789 मध्येच हे ओळखले होते: मुद्रकांच्या नफ्याला धक्का लागला, म्हणून त्यांचा विरोध इतका एकमुखी आणि आवेशाचा झाला.

या पत्रांचे सामर्थ्य किती, ते व्हर्जिनियाच्या ठरावांवरून दिसते. 30 मे 1765 रोजी तेथील विधिसभेने पॅट्रिक हेन्रीचे पाच ठराव संमत केले, आणि त्यांपैकी सर्वांत तिखट असलेला पाचवा दुसऱ्याच दिवशी रद्द केला. तेथील ‘व्हर्जिनिया गॅझेट’चा मुद्रक जोसेफ रॉइल याने काहीच छापले नाही. परंतु 24 जूनला न्यूपोर्टच्या ‘मर्क्युरी’ने, आणि 4 जुलैला ‘मेरीलँड गॅझेट’ने जे छापले, त्यात रद्द झालेला ठराव होता, आणि कधीच संमत न झालेलेही होते. व्हर्जिनिया जितकी बोलली नाही तितकी ती बोलली, असे सर्वत्र झाले, आणि इतर वसाहतींना तिच्यामागे राहण्याची लाज वाटू लागली. हे असत्यच होते. पण त्या उन्हाळ्यात याहून परिणामकारक दुसरे काही छापले गेले असेल, असे मला वाटत नाही.

बॉस्टनमध्ये 14 ऑगस्टला मुद्रांक-अधिकारी अँड्र्यू ऑलिव्हर याचा पुतळा एल्मच्या झाडाला टांगला गेला. हा बेत रचणाऱ्या नऊ जणांच्या मंडळात ‘बॉस्टन गॅझेट’चा बेंजामिन एड्स होता, बातमी घडविणारा आणि छापणारा एकच! 1 नोव्हेंबर उजाडण्यापूर्वीच बहुतेक मुद्रांक-अधिकाऱ्यांनी राजीनामे दिले होते. डेव्हिड हॉलने ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’ नेहमीचे शीर्षक काढून छापले, आणि त्या जागी मुद्रांकित कागद मिळत नसल्याचे जाहीर केले. कर न भरता पत्रे निघत राहिली. 18 मार्च 1766 रोजी कायदा रद्द झाला.

येथवरची कथा आपण आवडीने सांगतो. पुढची तितक्या आवडीने सांगत नाही. 1767 मध्ये चार्ल्स टाउनशेंडने काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसविली, आणि बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी विलायती मालावर बहिष्काराचा करार केला. ‘बॉस्टन क्रॉनिकल’चा स्कॉटिश मुद्रक जॉन मीन याने 1769 मध्ये जकातीची कागदपत्रे मिळवून, करारावर सही करून माल आणविणाऱ्यांची नावे छापली. त्यांत जॉन हॅनकॉकसारखा पुढारीही होता. मीन सरकारपक्षाचा होता, हेतू शुद्ध नव्हता. पण ब्रॅडफर्डच्या आणि एड्सच्या हेतूतही धंद्याचा अंश होताच. छापण्याचा अधिकार एकाचा खरा मानला तर दुसऱ्याचा खोटा कसा? ऑक्टोबरमध्ये जमावाने त्याला रस्त्यात गाठले, आणि पुढच्याच महिन्यात तो इंग्लंडला पळाला. त्याचे पत्र 1770 च्या जूनमध्ये बंद पडले. तोपर्यंत पार्लमेंटने टाउनशेंडचे इतर कर मागे घेतले होते. चहावरचा तेवढा ठेवला होता.