माठापासून वेलिवाड्यापर्यंत

विद्यापीठांचा इतिहास लिहिणारे कोनशिलेपासून सुरुवात करतात. इमारत कधी झाली, कुलगुरू कोण होते, पदव्या किती वाटल्या. आपण हा इतिहास माठापासून वाचू. पाण्याच्या माठापासून.

१९०८ साली भीमराव आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले. प्रवेश मिळाला, बाकावर जागाही मिळाली. पण कॉलेजातला हॉटेलवाला चहा देईना, पाणीही देईना. दहा वर्षांनी, १९१८ साली, हाच माणूस सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून आला. मधल्या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला. तिथं वसतिगृहात राहिला, सगळ्यांच्या पंगतीला जेवला, कुणाचं काही बिघडलं नाही. इथं मात्र प्राध्यापकांच्या माठातलं पाणी त्यानं पिऊ नये म्हणून काही सहकाऱ्यांनीच कुरकुर केली. शिकव म्हणाले, पण पाण्याला शिवू नकोस. प्रवेश मिळणं वेगळं आणि तिथलं होणं वेगळं, हे बाबासाहेब पुस्तकातून शिकले नाहीत.

म्हणून १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं आणि नोकरी करणाऱ्या पोरांसाठी सकाळचे वर्ग भरू लागले. ही गोष्ट लहान वाटते. लहान नाही. ज्याला दिवसभर राबायचंय त्याच्यासाठी घंटा कधी वाजते यावरच कॉलेज त्याचं की दुसऱ्याचं हे ठरतं.

मग औरंगाबाद. आज त्याचं नाव छत्रपती संभाजीनगर. निजामी राजवट १९४८ साली संपली तेव्हा मराठवाड्यात उच्च शिक्षणाची जवळजवळ बोंबच होती. विद्यापीठ एकच, ते हैदराबादला. खेड्यातल्या आपल्या पोराला तिथवर जायचं म्हणजे गाडीभाड्याचीच पंचाईत. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत कॉलेज काढलं. पुढच्या वर्षी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी इमारतीची पायाभरणी केली. कॉलेजचं नाव मिलिंद, परिसराचं नाव नागसेनवन. मिलिंद हा भिक्खू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारणारा ग्रीक राजा. नाव ठेवतानाच सांगून टाकलं, की इथं मान खाली घालून बसायचं नाही, विचारायचं. आणि दार सगळ्या जातींना उघडं ठेवलं. आपल्याला नाकारणाऱ्यांची पोरंही तिथं शिकली. आपण काही वेगळा माठ मांडला नाही.

मराठवाडा विद्यापीठ झालं १९५८ साली, म्हणजे मिलिंदनंतर आठ वर्षांनी. त्या विद्यापीठाला ज्या माणसाचं नाव द्यायचं, त्यानं त्या मातीत आधीच कॉलेज उभं केलेलं. तरी २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. पेटली ती आपलीच घरं. ज्यांनी विद्यापीठाची पायरीही पाहिली नव्हती अशा शेतमजुरांच्या झोपड्या जाळल्या, माणसं गावाबाहेर हाकलली. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंना ठार केलं. एका पाटीवरच्या नावासाठी? नाही. ते नाव लागलं म्हणजे विद्यापीठात आपण पाहुणे राहत नाही, हे जाळणाऱ्यांना आपल्यातल्या काही शहाण्यांपेक्षा लवकर कळलं होतं. १९७९ चा लाँग मार्च, तुरुंगवास, लाठ्या, आणि १९९३ साली नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला मिळाला तो नामविस्तार. त्याच वर्षी नांदेडला वेगळं विद्यापीठ काढलं आणि नांदेड, लातूर, परभणी तिकडे गेले. नाव दिलं, पण ते नाव असलेलं विद्यापीठ कापून दिलं. काय समजायचं ते समजा.

याच मिलिंदमधून शिकलेले सुखदेव थोरात पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. दिल्लीच्या एम्स या मोठ्या वैद्यकीय संस्थेतल्या जातिभेदाची चौकशी त्यांच्या समितीनं केली. अहवाल २००७ चा. त्यात काय निघालं? दलित-आदिवासी विद्यार्थी वसतिगृहाच्या वरच्या मजल्यांवर एका बाजूला गोळा झालेले. स्वखुशीनं नव्हे, खालच्या खोल्यांत इतरांनी जगू दिलं नाही म्हणून. जेवणाच्या टेबलावर तीच रेषा, खेळाच्या मैदानावरही. एम्सच्या प्रशासनानं अहवाल मानलाच नाही. सिडनहॅमचा माठ फुटला नव्हता, जिना चढून वर गेला होता.

२०१२ साली आयोगानं नियम केले. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष हवा, भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी हवा. कागद चांगला होता. तो असताना २०१६ च्या जानेवारीत हैदराबाद केंद्रीय विद्यापीठानं पाच दलित संशोधक विद्यार्थ्यांना वसतिगृहाबाहेर काढलं. त्यांनी उघड्यावर आपला मुक्काम मांडला, बाबासाहेबांची तसबीर ठेवली आणि त्या जागेला नाव दिलं वेलिवाडा. तेलुगूत वेलिवाडा म्हणजे गावाबाहेरची अस्पृश्यांची वस्ती. आपल्याकडे म्हणतात महारवाडा, मांगवाडा. विद्यापीठाच्या कुंपणाच्या आत गावकूस काढणाऱ्यांना त्या पोरांनी त्यांच्याच आवारात त्याचं खरं नाव वाचून दाखवलं. १७ जानेवारीला त्या पाचांपैकी रोहित वेमुला गेला.

आपापल्या कॉलेजात तो कक्ष कुठल्या खोलीत आहे, किल्ली कुणाकडे असते आणि आजवर किती तक्रारी नोंदल्या गेल्या, हे पुढच्या बैठकीला येताना लिहून आणा. खोलीच सापडली नाही तर तेही लिहा.